अपुरी कथा आणि तिचा वारस

एकादी दीर्घ कथामाला वर्षानुवर्षें वाचीत आलेल्या माणसाच्या हातीं तिचा शेवटचा खंड पडतो, तेव्हां त्याच्या मनाची स्थिति मोठी चमत्कारिक होते. पुढें काय झालें हें कळावें म्हणून तो उतावीळ झालेला असतो. आणि तें कळलें कीं सारें संपणार, म्हणून तोच हात आखडून वाचूं लागतो. पानें भराभर उलटत असतात, आणि मध्येंच तो थांबून उरलेल्या पानांची जाडी बोटांनीं चांचपून पाहतो. शेजारीं टेबलावर नव्या कादंबऱ्यांची चळत पडलेली असते. त्या चांगल्या असतील, कदाचित् अधिक चांगल्याही असतील. पण त्यांतील माणसें अजून परकीं असतात. जुन्या कथेंतील माणसांशीं त्याचा वीस वर्षांचा घरोबा असतो.

या उत्सुकतेच्या पोटांत एक भीति दडलेली असते. कथा मोठी असते, माणसाचें आयुष्य लहान असतें. कथा पुरी होण्याआधींच कथाकाराचा हात थांबला, तर मग तिचें काय व्हावयाचें? ती तशीच सोडून द्यावयाची, कीं दुसऱ्या कोणीं ती तडीस न्यावयाची? आणि न्यावयाची तर कोणीं, व कोणत्या अधिकारानें? हा प्रश्न छापखान्यांच्या युगांतच उत्पन्न झाला असें पुष्कळांना वाटतें. परंतु तो निदान तेराशें वर्षांचा जुना आहे. आणि मराठी वाचकाला तर तो विसरतांच येणार नाहीं. कारण मराठींत या वाङ्मयप्रकाराला जें नांव पडलें आहे, तेंच मुळीं एका अपुऱ्या राहिलेल्या अद्भुत कथेचें नांव आहे.

सम्राट् हर्षवर्धनानें इ. स. ६०६ पासून ६४७ पर्यंत राज्य केलें. त्याच्या पदरीं बाणभट्ट होता. बाणानें ‘कादंबरी’ रचावयास घेतली ती एकांत एक ठेवलेल्या डब्यांसारखी आहे. विदिशेचा राजा शूद्रक सभेंत बसला असतां एक चांडाळकन्या पिंजऱ्यांत पोपट घेऊन येते. तो पोपट माणसाच्या वाणीनें आपली हकीकत सांगूं लागतो. त्या हकीकतींत जाबालि ऋषि दुसरी हकीकत सांगतात, आणि त्या दुसरीच्या पोटांत महाश्वेता आपली तिसरी. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या एका जोडप्याचा पाठलाग करतां करतां वाट चुकून अच्छोद सरोवराच्या कांठीं येतो. तेथें प्रियकराच्या मरणानें तपस्विनी झालेली महाश्वेता त्याला भेटते, आणि तिच्यामुळें तिची सखी, गंधर्वराजकन्या कादंबरी. दोघांचें प्रेम जडतें न जडतें तोंच पित्याचा निरोप येतो व चंद्रापीडाला उज्जयिनीस परतावें लागतें. मागें राहिलेली पत्रलेखा कांहीं दिवसांनीं येऊन पोंचते आणि कादंबरीची विरहावस्था त्याला सांगूं लागते. तिचें तें सांगणें चालूं असतांच बाणाची लेखणी कायमची थांबली.

पोपट कोण, तो राजाच्या सभेंत कां आणला गेला, महाश्वेतेला तिचा पुंडरीक पुन्हां भेटतो कीं नाहीं, यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर मिळालेलें नव्हतें. असे ते सर्व प्रश्न ज्याच्या पदरांत पडले तो बाणाचा मुलगा. कोणी त्याचें नांव भूषणभट्ट देतात, कांहीं पोथ्यांत तें पुलिंद असें आहे. ‘कादंबरी’चा उत्तरभाग त्यानें लिहिला. त्या भागाच्या आरंभींच्या श्लोकांत त्यानें आपली भूमिका सांगितली आहे, आणि ती आजही मननीय वाटते. पिता स्वर्गवासी झाला आणि त्याच्या वाणीबरोबर कथेचा धागाही तुटला. ती अपुरी राहिल्याचें सज्जनांना झालेलें दुःख पाहून आपण हें काम हातीं घेतलें, कवित्वाच्या गर्वानें नव्हे, असें तो म्हणतो. पुढें तो असेंही सांगतो कीं, बीं पेरणारा पिताच होता. मुलगा केवळ पीक गोळा करीत आहे.

बापलेकांच्या लेखणींतील अंतर रसिकांनीं पूर्वींपासूनच ओळखलें आहे. बाणाची वाक्यें राजाच्या मिरवणुकीप्रमाणें डौलानें आणि संथपणें चालतात. मुलाची वाक्यें मुक्कामाला पोंचण्याच्या ओढीनें पावलें उचलतात. वर्णनाचा तो विस्तार, विशेषणांची ती आरास उत्तरभागांत नाहीं. पण उत्तरभाग नसता, तर कथा ऐकणारा शूद्रक हा स्वतःच जन्मांतरींचा चंद्रापीड आहे, आणि कथा सांगणारा पोपट हाच महाश्वेतेचा प्रियकर आहे, हा सारा उलगडा वाचकाला कधींच झाला नसता. बापानें मारलेल्या गांठी मुलानें सोडविल्या. कलेच्या तागडींत मुलगा हलका भरतो. वाचकाच्या ऋणाच्या तागडींत मात्र त्याचें वजन थोडें नाहीं.

हेंच नांव पुढें मराठींत एका संबंध वाङ्मयप्रकाराला मिळालें, हा भाषेचा मोठा गमतीचा योगायोग आहे. एकोणिसाव्या शतकांत बराच काळ ‘नावल’ हा इंग्रजीवरून घेतलेला शब्दही चालत असे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालीं लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाच्या मथळ्यांत ‘नावल’ हाच शब्द आहे. परंतु लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली, मागोमाग नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि या अद्भुत कथांच्या वाचकाला बाणाच्या नायिकेचें नांवच अधिक जवळचें वाटलें असल्यास नवल नाहीं. ‘नावल’ मागें पडलें, ‘कादंबरी’ टिकली. कानडींतही हाच शब्द रूढ झाला. वाचनालयाच्या खिडकीशीं उभा राहून ‘नवी कादंबरी कोणती आली?’ असें विचारणारा गृहस्थ बाणभट्टाच्या अपुऱ्या पोथीचें स्मरण नकळत करीत असतो.

कथा हप्त्याहप्त्यानें छापून येऊं लागली, तेव्हां ही भीति घरोघरीं पोंचली. पोथी अपुरी राहिली तर तिचें दुःख थोड्या पंडितांना. हप्ता थांबला तर तें दुःख हजारों कुटुंबांना. मराठींत हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र सुरू केलें आणि त्यांतून क्रमशः कादंबऱ्या दिल्या. त्यांच्याही कांहीं कथा अपुऱ्याच राहून गेल्या. परंतु या प्रकारचें सर्वांत गाजलेलें उदाहरण इंग्लंडांतील आहे. चार्ल्स डिकन्स यानें १८७० सालीं ‘एडविन ड्रूडचें रहस्य’ ही कादंबरी मासिक हप्त्यांनीं देण्यास आरंभ केला. बारा हप्ते व्हावयाचे होते. प्रकाशकाशीं केलेल्या करारांत, लेखक मध्येंच वारला तर पैशांचा हिशेब कसा करावयाचा याचें कलमही होतें. जून महिन्याच्या ८ तारखेला त्यानें या कथेवर काम केलें, त्याच संध्याकाळीं त्याला झटका आला, आणि ९ जून रोजीं तो मरण पावला. लिहून झालेले मिळून सहा हप्ते निघाले. एक तरुण नाहींसा झाला आहे. त्याचा खून झाला कीं नाहीं, आणि झाला असल्यास तो कोणीं केला, हें सांगणारा अर्धा भाग लिहिणाऱ्याबरोबरच गेला.

येथें बाणाच्या मुलासारखा कोणी पुढें आला नाहीं. आणि वारस नसलेल्या इस्टेटीवर जसे नाना दावे लागतात, तसे या कथेवर लागले. अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत एका मुद्रकानें १८७३ सालीं, डिकन्सच्या आत्म्यानें आपल्या हातून उरलेला भाग लिहवून घेतला, असें सांगून चक्क पुस्तक प्रसिद्ध केलें. १९१४ च्या जानेवारींत लंडन येथें डिकन्सच्या चाहत्यांनीं कथेंतील संशयित जॉन जॅस्पर याच्यावर लुटुपुटीचा खटला भरला. त्यांत न्यायाधीश होता चेस्टरटन आणि ज्यूरीचा प्रमुख होता बर्नार्ड शॉ. आरोपीला दोषी ठरविण्यांत आलें, आणि शेवटीं न्यायाधीशानें कोर्टाचा अवमान केल्याबद्दल हजर असलेल्या यच्चयावत् सर्वांना दंड ठोठावला! १९८५ सालीं न्यूयॉर्क येथें याच कथेवरील संगीत नाटकांत तर प्रेक्षकांचीं मतें घेऊन त्या रात्रीपुरता गुन्हेगार ठरविण्याची सोय होती. या सर्व प्रकारांत विनोद पुष्कळ आहे. पण दीडशें वर्षें माणसें एका कथेच्या दाराशीं ताटकळत बसलीं, हेंही त्यांत आहे.

हिंदुस्थानांत याच सुमारास बाणाच्या घरच्या गोष्टीची जणूं पुनरावृत्ति झाली. देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ सालचा. काशीनजीकच्या चकिया व नौगढ या भागांतील जंगलांचा मक्ता त्यांच्याकडे होता. तेथील रानें, दऱ्या आणि पडके किल्ले यांत हिंडतां हिंडतां त्यांच्या मनांत एक वेगळीच दुनिया तयार झाली. मक्ता गेला, ती दुनिया राहिली. तिच्यांतून ‘चंद्रकांता’ निघाली आणि मागोमाग ‘चंद्रकांता संतति’ ही चोवीस भागांची मालिका. वेष पालटून, जडीबुटी हुंगवून शत्रूला बेशुद्ध करणारे ऐयार, आणि ज्याच्या नांवें बांधलें त्यालाच फोडतां येईल असें यंत्रांनीं व कोड्यांनीं भरलेलें तिलिस्म, अशी ही सृष्टि होती. ती वाचतां यावी म्हणून कित्येक उर्दू जाणणारे लोक मुद्दाम नागरी लिपि शिकले, असें हिंदी वाङ्मयाचे इतिहासकार सांगतात.

‘संतति’मधील एक पात्र म्हणजे भूतनाथ. पराक्रमी, हुशार, पण पूर्वायुष्यांतील पापांचा काळा डाग लागलेला हा ऐयार वाचकांना इतका आवडला कीं, खत्रींनीं त्याचेंच चरित्र स्वतंत्रपणें लिहावयास घेतलें. त्याचे सहा भाग त्यांच्या हातून झाले आणि १९१३ सालीं ते वारले. पुढचे पंधरा भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनीं लिहून ही एकवीस भागांची कथा पुरी केली. येथेंही पुन्हां तेंच: पित्यानें तिलिस्म बांधलें, आणि तें ज्याच्या नांवें बांधलेलें होतें त्या पुत्रानें तें उघडलें. तिसरें उदाहरण इंग्लंडांत घडलें. प्रोफेसर टोल्किन यानें पहिल्या महायुद्धाच्या काळीं आरंभिलेल्या पुराणकथा, पन्नासांहून अधिक वर्षें खपूनही, १९७३ सालीं तो वारला तेव्हां कागदांच्या ढिगाऱ्यांतच होत्या. त्याचा मुलगा ख्रिस्तोफर यानें त्या जुळवून १९७७ सालीं ‘सिल्मरिलियन’ हा ग्रंथ सिद्ध केला. नंतर आपण कोठें सांधा जोडला व कोठें फेरफार केला हें वाचकांपासून लपून राहूं नये म्हणून, बापाचे मूळ खर्डे त्यानें टीपांसह बारा खंडांत प्रसिद्ध केले. त्या कामास १९८३ पासून १९९६ पर्यंतचीं वर्षें लागलीं. पितृऋण असें क्वचितच कोणीं फेडलें असेल.

या तिन्ही ठिकाणीं वारस रक्ताचा होता. तो तसा नसेल तर काय होतें, याचा इतिहास अमेरिकेंत घडला.

दक्षिण कॅरोलिनांतील चार्ल्स्टन या गांवचा जेम्स ऑलिव्हर रिग्नी हा व्हिएतनामच्या युद्धांत हेलिकॉप्टरवर तोफची होता. परत आल्यावर त्यानें पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, नौदलाकडे अणुशक्तीचा एंजिनियर म्हणून काम केलें, आणि पुढें तो लेखनाकडे वळला. रॉबर्ट जॉर्डन या नांवानें त्यानें लिहिलेल्या ‘कालचक्र’ या कथामालेचा पहिला खंड १९९० च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला. काळ सरळ रेषेंत जात नाहीं, चक्रासारखा फिरतो. युगें येतात, जातात, आणि विसरलीं गेल्यावर पुन्हां येतात, ही या कथेची बैठक. हिंदु व बौद्ध विचारांचा हा धागा तिच्यांत असल्यामुळें येथील वाचकाला ती फारशी परकी वाटत नाहीं. खेड्यांतले तीन तरुण घराबाहेर पडतात आणि त्यांतल्या एकावर जगाच्या अखेरच्या लढाईचा भार येऊन पडतो, एवढ्या बीजापासून ती वाढत गेली. आरंभीं वर्षाला एक खंड येत असे. मग दोन वर्षांनीं, मग तीन वर्षांनीं येऊं लागला. पात्रें वाढलीं, राज्यें वाढलीं, कारस्थानें वाढलीं. दहावा खंड २००३ सालीं आला तेव्हां कथा जागची हालली नाहीं, अशी तक्रार वाचकांनींच उघडपणें केली. शाळेंत असतांना पहिला खंड वाचलेलीं मुलें एव्हांना संसारी झालीं होतीं.

अकरावा खंड २००५ सालीं निघाला. बारावा शेवटचा, मग तो कितीही जाड होवो, आणि दुकानांतून नेण्यासाठीं वाचकांना हातगाडी लागो, असें जॉर्डननें सांगून ठेवलें होतें. २००६ च्या मार्चमध्यें त्यानें स्वतःच जाहीर केलें कीं, आपल्याला हृदयाचा एक दुर्मिळ विकार झाला आहे. उपचार केले तर साधारणतः चार वर्षें मिळतात असें डॉक्टर म्हणतात. आपला मानस मात्र आणखी तीस वर्षें लिहिण्याचा आहे. प्रत्यक्षांत त्याला दीड वर्ष मिळालें. १६ सप्टेंबर १९४८ पासून नव्हे, तर १७ ऑक्टोबर १९४८ पासून मोजावयाचें त्याचें आयुष्य १६ सप्टेंबर २००७ रोजीं, एकोणसाठावें वर्ष पुरें होण्याआधींच, संपलें.

या दीड वर्षांत त्याच्या मनांत झालेला पालट हा या सर्व कथेचा गाभा आहे. प्रकृति चांगली होती तोंवर तो चाहत्यांना थट्टेनें बजावीत असे कीं, आपण गेलों तर सगळीं टिपणें नष्ट करण्याची व्यवस्था आपण करून ठेवली आहे; आपली कथा दुसऱ्या कोणीं पुरी करावयाची नाहीं. मृत्यु समोर दिसूं लागला तेव्हां हा अभिमान गळून पडला. थकलेल्या आवाजांत त्यानें घरच्या माणसांना कथेचा शेवट सांगितला, तो ध्वनिमुद्रित करविला, कांहीं प्रसंग लिहून ठेवले, कांहींचे केवळ आराखडे केले. कथेचा अगदीं शेवटचा प्रसंग तर आरंभापासूनच त्याच्या डोळ्यांपुढें होता. आपल्या निर्मितीवरचा हक्क कीं वाचकाला दिलेला शब्द, अशी ही निवड होती. आणि त्यानें शब्द राखला.

त्याची पत्नी हॅरिएट मॅक्डूगल ही धंद्यानें संपादक. त्याचे सर्व खंड तिच्याच हाताखालून गेलेले. मुलगा कथा पुरी करील असा प्रश्न येथें नव्हता, म्हणून लेखक शोधण्याचें काम या विधवा स्त्रीवर आलें. जॉर्डनच्या मृत्यूनंतर ब्रँडन सँडरसन नांवाच्या एका तरुण कादंबरीकारानें एक श्रद्धांजलि लिहिली होती. पंधराव्या वर्षीं आपण ‘कालचक्रा’चा पहिला खंड कसा उचलला आणि त्यामुळें आपण लेखक कसे झालों, एवढाच तिचा आशय. ती हॅरिएटच्या वाचनांत आली. तिनें त्याला फोन केला, आणि त्याची एक कादंबरीही मागवून वाचली. २००७ च्या डिसेंबरांत त्याची निवड जाहीर झाली.

सँडरसननें दोन गोष्टी आरंभींच ठरविल्या. जॉर्डनचें लेखन जेथें हातीं असेल तेथें तें होतां होईल तों तसेंच ठेवावयाचें. आणि त्याच्या शैलीची नक्कल करीत बसावयाचें नाहीं. बाणाच्या मुलानेंही, इच्छेनें म्हणा किंवा शक्तीच्या मर्यादेमुळें म्हणा, हेंच केलें होतें. काम सुरू झाल्यावर एका खंडांत हें मावणारें नाहीं असें दिसून आलें, आणि एकाचे तीन झाले. ही प्रकाशकाची धनलोभाची युक्ति आहे, असें त्या वेळीं पुष्कळांनीं म्हटलें. पहिला खंड २००९ सालीं निघाला, दुसरा २०१० सालीं, आणि कथामालेचा चौदावा व अखेरचा खंड ८ जानेवारी २०१३ रोजीं वाचकांच्या हातीं पडला. अखेरच्या लढाईचें एकच प्रकरण सुमारें ८० हजार शब्दांचें, म्हणजे एका मध्यम आकाराच्या कादंबरीएवढें आहे. त्यानंतर उपसंहार येतो, आणि त्यांत बहुतांशीं जॉर्डनचेच शब्द आहेत. पांच वर्षांपूर्वीं वारलेला लेखक शेवटचीं पानें स्वतः सांगावयास परत आला, असें तें वाचतांना जुन्या वाचकांना वाटलें.

तेवीस वर्षांचा हा प्रवास संपल्यावर वाचकांनीं काय म्हटलें? दोष दाखविणारे होतेच. मॅट हें खट्याळ पात्र बाराव्या खंडांत ओळखूं येत नाहीं, त्याचा विनोद परका वाटतो, असा आक्षेप आला, आणि सँडरसननें तो प्रांजळपणें मान्यही केला. संथ वर्णनांची जागा धांवत्या प्रसंगांनीं घेतली, हाही आक्षेप होता. तेराशें वर्षांपूर्वींच्या उत्तरभागाविषयींचा आक्षेप यापेक्षां फारसा निराळा नाहीं. पण या दोषांपायीं शेवट नसता तर बरें झालें असतें, असें म्हणणारा वाचक विरळाच.

याउलट, शेवट लांबला तर काय होतें तेंही लोकांनीं पाहिलें. जॉर्ज मार्टिन याच्या ‘हिम आणि अग्नि’ या कथामालेचा पहिला खंड १९९६ सालीं आला, पांचवा २०११ सालीं. आणि पुढें दहा वर्षें उलटलीं तरी सहावा आला नाहीं. मध्यंतरीं तिच्यावरील दूरदर्शन-मालिका पुस्तकांना मागें टाकून २०१९ सालीं संपूनही गेली, आणि तिच्या शेवटानें असंख्य प्रेक्षकांची घोर निराशा केली. परिणाम असा झाला कीं, मालिका पुरी झाल्याशिवाय पहिला खंड हातीं धरावयाचाच नाहीं, असा निश्चय करणारा एक वाचकवर्ग तयार झाला. हा निश्चय समजण्यासारखा आहे. पण तो सर्वांनींच केला, तर दुसरा खंड लिहिण्याइतका आधार कोणत्याही नव्या लेखकाला मिळणार नाहीं. जॉर्डनचा पहिला खंड १९९० सालीं ज्यांनीं घेतला, त्यांना शेवटाची हमी कोणीं दिली होती? आणि त्यांतच तो पंधरा वर्षांचा मुलगा होता.

या इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बाणाच्या मुलानें स्वतःच्या अधिकाराचें कारण सांगतांना आपण पुत्र आहों एवढ्यावर भागविलें नाहीं. सज्जनांचें दुःख पाहिलें, असें त्यानें म्हटलें. कथा अपुरी राहिल्यानें ज्याला मनापासून दुःख होतें तो तिचा खरा वारस. भूषणभट्ट, दुर्गाप्रसाद आणि ख्रिस्तोफर हे पुत्र तर होतेच, पण पुत्र होण्याबरोबर ते त्या त्या कथेचे पहिले श्रोतेही होते. सँडरसन पुत्र नव्हता, नुसता वाचक होता. आणि तेवढें पुरेसें ठरलें.

शेवटचें पान मिटून वाचक कांहीं वेळ गप्प बसतो. घरांतलें कोणी तरी विचारतें, ‘संपली का एकदांची?’ तो मान हलवितो. ज्यानें ती आरंभिली तो गेला, ज्यानें ती संपविली तोही दुसऱ्या कामाला लागला. आणि तीं सारीं माणसें आतां केवळ वाचणाऱ्यांच्या स्मरणांत नांदणार. मग त्याचा हात टेबलावरच्या चळतीकडे जातो. वरची कादंबरी नवी आहे, लेखक अनोळखी आहे, आणि मुखपृष्ठावर ‘खंड पहिला’ असें छापलेलें आहे. दुसरा केव्हां येईल, येईल कीं नाहीं, याची हमी कोठेंच दिलेली नाहीं. तो क्षणभर विचार करतो आणि पहिलें पान उघडतो.